चंद्र उशिराने धावत आहे

"जावईबापू, चंद्र उगवला का बघा की जरा."

मी बघितलं. विमानाच्या खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. खाली कुठला तरी गारठलेला समुद्र, त्यावर बर्फाचे पांढरे ठिपके आणि वर निळंभोर आकाश. माझ्या मनगटावरच्या घड्याळात मात्र रात्रीचे साडेनऊ होऊन गेले होते. घड्याळ विट्याचं होतं. ऊन कुठल्या गावचं होतं, ते देव जाणे.

"नाही अजून," मी म्हणालो.

"कॅलिंडरात साडेनऊचा हाय."

"तो तिकडचा, मामी. इथं अजून दुपार आहे."

"मगाशी इचारलं तवाबी दुपारच हुती."

"तीच आहे ही. अजून संपलेली नाही."

मामींनी माझ्याकडे बघितलं. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याकडे त्या अशाच बघायच्या. मग पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "बरं. उगवला की सांगा. तवर मी घास घेत न्हाई."

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात. नाव आक्काताई, वय सदुसष्ट, आणि त्या दिवशी त्यांची नवसाची एकविसावी संकष्टी. साबुदाण्यानं त्यांना पित्त होतं, म्हणून उपास निव्वळ चहापाण्यावर. एकवीस पुऱ्या झाल्या की नवस फिटला. एक जरी मोडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. नवस कशाचा, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलेला नवस फळत नाही म्हणे.

आता माझ्याबद्दल. मी विट्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. काचेच्या खोलीत बसून 'स्वारगेटला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे' असं म्हणणारा तो माणूस म्हणजे मी. नाव रणजित. आजवर कुठलं रण जिंकलेलं नाही. आणि विमानाला तर मी असा भ्यायचो, की डोक्यावरून एखादं गेलं तरी मान खाली घालायचो.

माझी बायको वैजयंता नर्स. मिरजेतली नोकरी सोडून ती टोरांटोच्या एका इस्पितळात गेली, आमच्या पूर्वाला घेऊन. मी मागून जायचं ठरलं होतं. पहिल्या खेपेला मी मुंबईच्या विमानतळाच्या दारातून परत आलो. दुसऱ्या खेपेला आत गेलो, पण पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवा म्हणाले तेव्हा पट्टा हातात घेऊनच बाहेर पळालो. तिसऱ्या खेपेला विट्यातूनच निघालो नाही, पोट बिघडलं.

आमच्या स्टँडवर मी सगळ्यांना पटवून सांगायचो. मुंबई ते टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर. सोळा तास. आणि मध्ये एकही थांबा नाही! अहो, विटा-स्वारगेट गाडी दोनदा चहाला थांबते तरी लोक कुरकुर करतात. आणि समजा वर हवेत ब्रेकडाऊन झालं, तर? आमच्यात माणसं उतरवून मागच्या गाडीत बसवून देतात. तिथं मागची गाडी कुठली आणि उतरवायचं कुठं? सगळे नुसत्या माना हलवायचे, आणि मला फार बरं वाटायचं.

पण त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे पूर्वानं फोनवर मला विचारलं, "बाबा, तुम्हाला पाय आहेत का हो?" ती गेली तेव्हा तीन वर्षांची होती, आता सहाची होत आली होती. तिनं मला फोनमध्ये छातीपर्यंतच पाहिलेलं. मी हसलो, फोन खाली नेऊन पाय दाखवले, तर नेमका फोन बंद पडला. दुसरी गोष्ट, त्याच आठवड्यात वैजयंता म्हणाली, "अहो, यंदा आला नाहीत तर मी पुन्हा बोलावणार नाही. रागानं नाही म्हणत, दमले मी." रागानं म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. दमलेल्या माणसापुढे काय बोलणार?

त्यातच मामींनी निरोप धाडला. "मला नातीला बघायला जायाचं हाय. इंग्रजी येत न्हाई. जावईबापूंनी पोचवायला तरी यावं." सासूला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मी महिन्याची रजा टाकली. जायच्या-यायच्या तारखा मामींनी स्वतः कॅलेंडर बघून काढल्या, भाच्याकडून तिकिटं करवली, आणि नेमकी संकष्टी गाठली. मी म्हणालो, "मामी, एक दिवस अलीकडे पलीकडे केलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "इमान तुमचं, पन दिस माजा."

विमानतळावर शिरताना माझी नजर मागच्या दाराकडेच होती. तेवढ्यात तपासणीच्या यंत्रात मामींचा स्टीलचा डबा अडकला. आत तळणीचे एकवीस मोदक. तपासणारा पोरगा म्हणाला, उघडा. मामी म्हणाल्या, नैवेद्य हाय, चंद्राआधी उघडत न्हाई. मला मध्ये पडावं लागलं. त्या पोराला मी गणपती, चतुर्थी, नवस असं सगळं समजावलं. त्यानं शेवटी डबा पुन्हा यंत्रातून फिरवला, वरून हात जोडले आणि सोडला. भांडण संपवून बघतो तर काय, मी पलीकडच्या बाजूला उभा. पट्टा केव्हा काढला आणि केव्हा घातला, आठवत नव्हतं.

विमान धावायला लागलं तेव्हा मामींनी तोच डबा माझ्या मांडीवर दिला. "दोनी हातांनी धरा. एकबी मोदक मोडला न्हाई पायजे." मी डबा छातीशी असा धरला, की विमान सुटलं तरी चालेल पण डबा सुटू नये. जमीन केव्हा सुटली हे मला कळलंच नाही.

आणि वर गेल्या गेल्या मामी म्हणाल्या, "आता चंद्राचं तुमच्याकडं. तुमी टायमाचं मानूस."

मी खरंच टायमाचा माणूस. समोरच्या पडद्यावर विमानाचा नकाशा होता, त्यात विमान मुंगीसारखं सरकत होतं. मी घड्याळ लावलं, कागद काढला आणि कामाला लागलो. विट्यात चंद्रोदय साडेनऊचा. साडेनऊ झाले. साडेदहा झाले. दुपार हलायला तयार नव्हती. मी सातव्यांदा बेल दाबली.

हवाई सुंदरी आली. सुदैवानं वसईची होती, ग्लेनिस लोपीस. मराठी आमच्याइतकीच फाडफाड.

"काय हवंय, सर? आजी अजून जेवल्या नाहीत, तुम्हीही नाही."

"चंद्र हवाय," मी म्हणालो.

तिनं आधी माझ्याकडे आणि मग मामींकडे बघितलं. मामींनी हात जोडून मान हलवली. मी सगळा प्रकार सांगितला. पोरगी भली. पुढे जाऊन तिनं फोनवरून कॅप्टनला विचारलं आणि परत आली.

"कॅप्टन म्हणतात, आपण पश्चिमेला चाललोय. सूर्य पुढे आहे, म्हणून दुपार संपत नाही. चंद्र मागून येतोय, पण आपण त्याच्यापासून पळतोय. टोरांटोला पोचेपर्यंत तो काही गाठत नाही."

"मग जरा सावकाश घ्यायला सांगा की," मी म्हणालो. "तासभर सावकाश घेतली तर गाठेल."

"सर, विमान फार सावकाश घेतलं तर पडतं."

एरवी या एका वाक्यावर मी आडवा झालो असतो. त्या वेळी मात्र माझ्या मनात एवढंच आलं, की काय ही गैरसोय! प्रवाशांची काही किंमतच नाही.

मामींना मी समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी गाडी सुटली आन् पाव्हणा मागनं पळत येतोय, असं झालं."

"अगदी तसंच."

"मग कंडक्टरनं बेल मारायची. मानुसकी हाय का न्हाई?"

वीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "चंद्र उशिराने धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

पलीकडच्या ओळीतले एक काका खुदकन हसले. ते नवसारीचे. म्हणाले, "भाई, हमारी मिसेस का भी आज चोथ का उपवास है. पीछे के दरवाजे में छोटी खिडकी है, वहाँ से देखें?" आणि त्यांनी पिशवीतून चक्क दुर्बीण काढली. नायगारा बघायला आणली होती.

मी उठलो. सोळा तास खुर्चीचे हात सोडायचे नाहीत असं ठरवून आलेला मी त्या लांबलचक बोळातून तरातरा शेपटाकडे निघालो. मागे दुर्बीणवाले काका, त्यांच्या मागे त्यांच्या मिसेस, त्या बेन. आम्हाला रांगेनं जाताना बघून आणखी चारपाच जण उठले. कशाची रांग आहे हे न विचारता रांगेत उभं राहायची आपल्याला सवयच आहे.

मागच्या दाराला टीचभर खिडकी. काकांनी दुर्बीण लावली. आम्ही श्वास रोखून उभे. आणि काका ओरडले, "दिख गया! दिख गया!"

खरंच दिसत होता. पांढरा, गोल, काचेत किंचित थरथरत असलेला. बेननी हात जोडले. मागच्या एका बाईंनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. मी तडक पुढे पळालो.

"मामी, दिसला!"

मामी जागच्या हलल्या नाहीत. "कसा हाय?"

"गोल आहे. पांढरा."

"चौथीचा चंद्र कडंला जरा झिजल्याला असतो. आन् डाग हायती का?"

"डाग... ते बघितले नाहीत."

"बघून या."

मी परत निघालो. अर्ध्या वाटेत विमान हादरायला लागलं. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर मागच्या बाकावर बसल्यावर होतं तसं. पट्टे बांधा म्हणून घोषणा झाली. कुणी देवाचं नाव घेतलं, एक लहान मूल रडायला लागलं. मी खुर्च्यांना धरत धरत तसाच मागे पोचलो. मला राग एवढाच आला होता, की या हादऱ्यात डाग कसे दिसायचे?

मागे ग्लेनिस सगळ्यांना जागेवर पिटाळत होती. "सर, तुम्हीपण? बसा आधी!"

"एक मिनिट. फक्त डाग बघतो."

"कसले डाग?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. तिनं वाकून बघितलं, मग वळून तिथल्या छोट्या स्वयंपाकघरातला एक दिवा बंद केला. चंद्र मावळला. तिनं दिवा लावला. चंद्र उगवला.

काका खिन्न झाले. बेननी जोडलेले हात हळूच सोडले. आम्ही सगळे आपापल्या जागी परतलो.

"डाग न्हाईत न्हवं?" मामींनी विचारलं. "मग त्यो चंद्र न्हवंच."

घड्याळात मध्यरात्र उलटून गेली होती. मी दुसरा डाव टाकला. "मामी, विट्यात सगळ्यांनी चंद्र बघून, जेवून ताणूनसुद्धा दिली. तिकडची संकष्टी संपली. तुम्ही आता दोन घास खा."

"मी विट्यात हाय का?"

"नाही."

"मग? जिथं मानूस, तिथलं आभाळ. तुमी खावा की. तुमचा कुठं उपास हाय?"

माझा नव्हता. पण सासू उपाशी आणि जावई शेजारी बसून चापतोय, हे आमच्या सात पिढ्यांत बसत नाही. दोन्ही वेळचे ट्रे मी तसेच परत पाठवले होते. पोटात कावळे ओरडत होते. खरी काळजी मात्र वेगळीच होती. मामींचा आवाज बारीक झाला होता, ओठ सुकले होते. एकवीस महिने या बाईनं काढले आणि माझ्या या साडेबारा हजार किलोमीटरांनी त्यांचा नवस मोडला तर? किंवा नवस न मोडता त्याच मोडल्या तर? वैजयंताला मी काय तोंड दाखवू? मी ग्लेनिसकडून त्यांच्यासाठी दर थोड्या वेळानं चहा मागवत राहिलो.

शेवटी मी त्यांच्यासमोर डबा धरला. डबा म्हणजे पृथ्वी, वरचा दिवा सूर्य, माझं बोट विमान. बोट डब्यावरून सरकवत मी सांगत होतो, "हे बघा, आपण इथून निघालो, असे वरून वळसा घालून आलो, आता इथं आहोत. डबा असा फिरतो, चंद्र इकडून येतो, म्हणजे तो दिसायला आणखी..." तेवढ्यात खालून धाडकन आवाज आला आणि डबा माझ्या पोटात घुसला.

"काय झालं?" मी दचकलो.

"काय न्हाई," मामी म्हणाल्या. "उतरलं इमान."

मी खिडकीतून बघितलं. जमीन होती. गवत, दिवे, गाड्या. आणि अखेर, सोळा तासांनी, ती दुपार संपत आली होती. सूर्य कडेला टेकला होता.

आत शिक्के, प्रश्न, रांगा. डबा इथंही अडला. आता मात्र मी सराईत झालो होतो. येईल तेवढ्या इंग्रजीत मी त्या अधिकाऱ्याला चंद्राची सगळी कैफियत ऐकवली. त्यानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, मग लवकर जा.

बाहेर वैजयंता उभी होती. बारीक झाली होती. मला बघून तिनं आधी तोंडावर हात ठेवला, मग माझ्या हातातली बॅग घेतली. तिच्या मागे पूर्वा लपली होती. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. खाली वाकून बराच वेळ निरखून बघत होती.

"आई," ती म्हणाली, "बाबांना पाय आहेत."

आम्ही गाडीपाशी पोचलो. गाड्या ठेवायची ती गच्ची होती, चहूबाजूंनी उघडी. आणि समोर, दूरच्या इमारतींच्या वर, तो आला. तांबूस, मोठा, एका कडेला झिजलेला. डाग असलेला.

"मामी!" मी ओरडलो. "आला! डागासकट आला!"

मामींनी पाण्याच्या बाटलीतून अर्घ्य दिलं, डबा उघडला, नैवेद्य दाखवला, हात जोडले. वैजयंता बघतच राहिली.

"आई, तू अजून उपाशी आहेस? अगं, आत्ता श्रावणात तिकडं ढगांत चंद्र दिसतो तरी का? दर पावसाळ्यात तू कॅलेंडरातली वेळ बघून सोडतेस. गेल्या वर्षी तर लाइट गेली म्हणून अर्धा तास आधीच जेवलीस!"

"गप ग."

मी मामींकडे बघितलं. "म्हणजे विट्याच्या साडेनऊला सोडला असता तर चाललं असतं?"

"न चालाय काय झालं? गणपती काय घड्याळ घिऊन बसलाय?"

"मग सोळा तास मला का पळवलंत?"

"तुमचं हात मोकळं सोडलं की तुमी दार हुडकता," मामी म्हणाल्या. "तीन टायमाला हुडकलंसा. वर दार न्हाई, पन तुमचा काय भरवसा? म्हनलं, मानसाला कामाला लावावं."

"आणि नवस?"

"ह्योच. एकविसाव्या संकष्टीला जावई माज्या लेकीफुडं हुबा ऱ्हाऊ दे." त्यांनी पहिला मोदक काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "गनपतीनं त्येचं केलं, मी माजं केलं. धरा. उपास तुमाला बी घडलाय."

मला रडू आलं. लाजही वाटली नाही. सासू, बायको, मुलगी आणि परक्या देशाचा चंद्र, सगळ्यांसमोर मी मोदक खात रडलो. पूर्वानं माझा एक पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता, पुन्हा फोनमध्ये जाईल म्हणून असेल.

मग मला एकदम आठवलं. मामी इथं सहा महिने राहणार होत्या. मला महिन्यानं परत जायचं होतं. एकट्यानं. माझा चेहरा बघून मामींनी ओळखलं.

"परतीच्या तिकिटाची तिथी बघितली का तुमी?"

मी खिशातून तिकीट काढलं. वैजयंतानं फोनमध्ये कॅलेंडर उघडलं आणि ती हसायला लागली. पुढची संकष्टी.

"ती तुमी धरायची," मामी म्हणाल्या. "डबा मी भरून दीन."

महिन्यानं मी तो डबा मांडीवर घेऊन एकटाच विमानात बसलो. त्यानंतर कितीदा गेलो आणि आलो, मोजलेलं नाही. दर वेळी तिथी बघूनच तिकीट काढतो. मामी गेल्या त्याला आता चार वर्षं झाली, डबा माझ्याकडेच आहे. पण त्या पहिल्या एकट्या प्रवासात मी ग्लेनिससारख्याच एका पोरीला बोलावून घाबऱ्या घाबऱ्या विचारणार होतो, चंद्र कधी दिसेल, आणि खिडकीबाहेर बघतो तर तो समोरच. पूर्वेला चाललो होतो ना, आम्ही दोघं एकमेकांकडेच निघालो होतो. चंद्र चक्क वेळेच्या आधी आला. एसटीच्या अख्ख्या नोकरीत मी असं कधी बघितलं नव्हतं.